बोट टेकलं की उघडतो

बजाबाईचा जुना फोन लवकर उघडत नसे, आणि त्याचं बजाबाईला कधी वाईट वाटलं नाही.

फोन मूळचा तिच्या नवऱ्याचा, भीमाचा. भीमा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला. त्याच्या हातून पडून काच तडकली तेव्हा तो फोन बजाबाईकडे आला. बोट ठेवायची गोल खाच पाठीमागे होती. बजाबाई सोलापुरातल्याच एका खाजगी दवाखान्यात मावशी म्हणून काम करायची. दिवसभर हात फिनेलच्या पाण्यात. त्या ओल्या, सुरकुतलेल्या बोटाला फोन दादच देत नसे. एकदा टेकव, पदराला पुसून टेकव, परत टेकव. शेवटी फोन पॅटर्न मागायचा. मग बजाबाई म्हणायची, “घेईना बघ गं पिंके,” आणि फोन पिंकीच्या हातात द्यायची.

पिंकी त्याच वॉर्डात कामाला होती. नव्या लग्नाची, तोंडाने फटकळ, हाताने चलाख. ती झरकन पॅटर्न काढायची आणि वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला निरोप वाचून दाखवायची. अमक्या बेडची चादर बदला, तमक्याला एक्स-रेला न्या. बजाबाई ऐकायची आणि कामाला लागायची. एकदा ऐकलेलं ती विसरत नसे.

बजाबाईला वाचता येत नव्हतं. दवाखान्यात हे कुणालाच माहीत नव्हतं.

माहेर मंगळवेढ्याकडचं. एका वर्षी ज्वारीच्या सुगीला तिची शाळा सुटली ती सुटलीच. आकडे ती बाजारात शिकली, सही भीमाने शिकवली. ती सही ती रांगोळीसारखी काढायची, कुठून सुरू करायचं आणि कुठं संपवायचं ते लक्षात ठेवून. नोकरीला लागताना दवाखान्याच्या मॅनेजरने विचारलं, “शिक्षण?” रांगेत पुढच्या बाईने “सातवी” सांगितल्याचं तिने ऐकलं होतं. तिनेही सातवी सांगितलं. दाखला कुणी मागितला नाही. पुढे लहानग्या सृष्टीने, तिच्या लेकीने, एकदा विचारलं, “आई, तू कितवीपर्यंत शिकलीस?” तेव्हाही तिच्या तोंडून सातवीच निघालं. भीमा समोर बसला होता. तो उठून बाहेर गेला.

पूर्वी वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर कामं तोंडाने सांगत. मग ग्रुप निघाला. आवाजी निरोपांनी पेशंटना त्रास होतो म्हणून ते बंद झाले, सगळं लिहून यायला लागलं. तरी जुन्या फोनच्या जिवावर बजाबाईचं निभत होतं.

सृष्टी एका सीएच्या ऑफिसात नोकरीला लागली. वर्षभराने तिने आईसाठी नवा फोन आणला.

“आई, आता घासत बसायचं नाही. हे बघ, बाजूला बटण आहे. त्याच्यावर नुसतं बोट टेकवायचं. टेकलं की उघडला.”

तिने आईचा हात हातात घेऊन एकेक बोट फोनला दाखवलं. दोन्ही अंगठे, दोन्ही हातांची पहिली बोटं. “तुझे हात सारखे ओले असतात ना? एक नाही तर दुसरं चालेल.”

बजाबाईला सवय होती दाबून धरायची. तिने बटण जोरात चेपलं. फोन उघडला, पण तिने घाईने परत चेपलं तसा बंद झाला. सृष्टी हसली. “अगं, चेपू नकोस. टेकव. देवाच्या पायाला लावतेस तसं.”

बजाबाईने बोट टेकवलं. पापणी लवायच्या आत समोर सगळं उघडं. भीमाने बायकोकडे बघितलं. सृष्टी आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, “जुना पिशवीत असू दे की.”

“पोरगी काय म्हनंल? तिनं हौसेनं आणलाय.”

दुसऱ्या दिवशी पिंकीने नवा फोन बघितला आणि ओरडलीच, “अय्या, मावशी! कसला भारी हाय! बघा बरं, ग्रुपवर आत्ता काय आलंय.”

बजाबाईने सवयीने बोट पदराला पुसलं, सावकाश टेकवलं. फोन उघडला. पूर्वी या वेळात ती नजर फिरवायची, उसासा टाकायची, पिंकी जवळ येऊन उभी राहायची. आता तेवढा वेळच उरला नव्हता. अक्षरं समोर होती आणि पिंकी तिच्या तोंडाकडे बघत होती.

“डोळ्यात काय तर गेलं गं,” बजाबाई म्हणाली. “तूच बघ.”

हे किती दिवस चालणार? एका सकाळी तिने ड्रेसिंगच्या ट्रेमधली चिकटपट्टी उजव्या अंगठ्याला गुंडाळली. विळीवर कापलं म्हणून सांगितलं. पिंकीने निरोपाचं विचारल्यावर तिने पट्टीचा अंगठा दाखवला आणि फोन पुढे केला. तो देताना तिचं दुसरं बोट बटणाला लागलं आणि फोन उघडला.

“लई हुशार हाय की वो,” पिंकी म्हणाली, “कुठलं बी बोट चालतंय त्याला.”

बजाबाई हसली. मग बाथरूममध्ये जाऊन तिने ती पट्टी सोडली. पट्टीखालचा अंगठा चांगला धडधाकट होता. तिला स्वतःचीच किळस आली.

आई फोन लांब धरून बघते हे सृष्टीच्या लक्षात आलं आणि तिने तिला नवी पेठेत चष्म्याच्या दुकानात नेलं. सृष्टी बाहेर फ्रेमा बघत होती. आत तपासणाऱ्या माणसाने भिंतीवरचा तक्ता दाखवला.

“खालची ओळ वाचा.”

“दिसत न्हाय.”

“त्याच्या वरची?”

“न्हाय.”

तो वर वर जात राहिला. सगळ्यात वरचं अक्षर तळहाताएवढं होतं. बजाबाईला त्याची रेघ न् रेघ दिसत होती. ती म्हणाली, “न्हाय दिसत.”

तो माणूस थांबला. त्याने तक्ता बदलला, आकड्यांचा लावला. बजाबाईने वरपासून खालपर्यंत सगळे आकडे सांगितले, अगदी बारीक होते तेही. त्याने तिच्याकडे एकदा बघितलं. “जवळचा थोडा नंबर आहे,” एवढंच म्हणाला आणि कागदावर लिहायला लागला. त्याने काही विचारलं नाही, हेच तिला जास्त लागलं. बाहेर येऊन लेकीच्या डोळ्याला डोळा देणं तिला जड गेलं.

चष्मा आला. आता अक्षरं स्वच्छ दिसायला लागली. बाकी होतं ते होतंच.

त्यानंतर ती अंदाजावर चालायला लागली. आकडा दिसायचा, तो बेडचा. सकाळचा निरोप असेल तर चहा-बिस्किटांचा, दुपारचा असेल तर चादरींचा. बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघायचा, आणि बरोबर निघाला की तिला वाटायचं, जमतंय की.

त्या आठवड्यात चौदा नंबरच्या बेडवर चन्नवीर नावाचे म्हातारे गृहस्थ होते. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावचे, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेले. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचे. बजाबाईला ‘अव्वा’, म्हणजे आई, म्हणायचे. त्यांचा मुलगा गुरुशांत सोबतीला होता.

सकाळी चहाचा ट्रे पिंकीकडे होता, पण एका पेशंटला उलटी झाली म्हणून ती तिकडे अडकली. ट्रे बजाबाई उचलणार होती. तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या.

“मावशी, ग्रुपवर टाकलंय. बघितलं का?”

बजाबाईने बोट टेकवलं. फोन उघडला. एका ओळीत बारा दिसलं, दुसऱ्या ओळीत चौदा. सिस्टर समोर उभ्या होत्या.

“व्हय, बघितलं,” बजाबाई म्हणाली.

सिस्टर गेल्यावर तिने ट्रे उचलला. बाराला चहा दिला, आणि चौदालाही. चन्नवीर आजोबांनी चहात बिस्किट बुडवून खाल्लं. “छलो आतु, अव्वा,” म्हणाले, बरं वाटलं म्हणून. मुलगा औषधं आणायला खाली गेला होता. म्हाताऱ्याला वाटलं असणार, बाईने आणलाय म्हणजे चालत असेल.

ऑपरेशनला न्यायच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, सकाळपासून काही खाल्लं का? म्हाताऱ्याने सरळ सांगितलं. डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं. सर्जन बाहेरगावचे, ते आता पुढच्या फेरीलाच येणार. गुरुशांत वॉर्डात येऊन ओरडायला लागला. “अंगात भुलीचं औषध गेलं असतं आणि छातीत अन्न चढलं असतं तर? कोण जबाबदार होतं?”

निरोप असा होता, की बाराला चहा द्यावा आणि चौदाला पाणीसुद्धा देऊ नये.

“ट्रे कोणाकडे होता?” सिस्टरनी विचारलं. फळ्यावर पिंकीचं नाव होतं.

“मी न्हाय दिला, सिस्टर,” पिंकी म्हणाली. “मी तिकडं उलटी पुसत होते. शप्पथ.”

“मग चहा आपोआप गेला का चौदाला?”

पिंकीने आजूबाजूला बघितलं. बजाबाई दाराशी फडकं घेऊन उभी होती. “मावशी, तुमी तर हितंच होता. तुमी बघितलं का कुणी दिला?”

बजाबाईने हातातल्या फडक्याची घडी घातली. “न्हाय गं,” ती म्हणाली.

पिंकीला घरी जायला सांगितलं. ऑफिस ठरवेल तोवर यायचं नाही. ती ॲप्रन काढून, घडी न घालता टेबलावर टाकून गेली. जाताना रडत होती, आणि रागाने ते लपवतही नव्हती.

दुपारी बजाबाईने चौदा नंबरला जेवण नेलं. गुरुशांत ऑफिसात भांडत होता. म्हातारे भिंतीकडे बघत पडले होते. ताट ठेवताना वाटीतली आमटी सांडली.

“अळबेड, अव्वा,” ते म्हणाले. रडू नकोस. ती रडत होती हे तिला तेव्हा कळलं. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “चहा तूच दिलतीस की. मी कुणाला सांगितलं न्हाई. त्यांनी मला इचारलंबी न्हाई. म्हातारा उपाशी हाय, असं वाटून मायेनं दिलास. तुझं नाव मी कशाला घेऊ?”

बजाबाई खाली बसली, बेडच्या लोखंडी पायाला धरून.

“मायेनं न्हाय दिला, आजोबा. मला वाचाय येत न्हाय. फोनवर काय लिवलंय ते मला कळलंच न्हाय.”

आयुष्यात पहिल्यांदा ती हे मोठ्याने बोलली होती, आणि तेही कोण कुठल्या परक्या माणसाजवळ. म्हाताऱ्यांनी तिच्याकडे मान वळवली. मग म्हणाले, “मलाबी येत न्हाई की. पण मी येतंय म्हणून कुणाला सांगत न्हाई.”

ते रागाने बोलले नव्हते. म्हणूनच ते वाक्य तिच्या अंगातून आरपार गेलं.

ती तशीच उठून सिस्टरच्या केबिनमध्ये गेली. दार लोटलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. चहा मी दिला. पिंकीला ठाऊक नव्हतं. मला वाचता येत नाही. सातवी खोटी सांगितली.

ती ओरडा खायच्या तयारीने गेली होती. सिस्टर ओरडल्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. हातातलं पेन त्यांनी टेबलावर ठेवलं.

“इतकी वर्षं?” त्या म्हणाल्या. “मावशी, मी तुमच्यावर विसंबून घरी जात होते. याच्या आधी तुम्ही आणखी काय काय अंदाजानं केलंय?”

  किती वेळा अंदाज चुकला असेल आणि तिला कळलंही नसेल, हा विचार बजाबाईच्या डोक्यात त्या क्षणापर्यंत आलाच नव्हता. आता आला आणि तिथून हलेना. आपली लाज झाकायला आपण परक्यांच्या जिवाशी खेळत होतो, हे तिला त्या खोलीत उभं राहून पहिल्यांदा दिसलं.

संध्याकाळपर्यंत ठरलं. पिंकीला परत बोलवायचं. बजाबाईला काढायचं नाही, पण वॉर्डात ठेवायचं नाही. उद्यापासून तळघरात, कपडे धुण्याच्या विभागात.

पिंकीला हे आपणच सांगायचं, असं तिने ठरवलं. विजापूर नाक्यावर उतरल्यावर ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. फोन काढला. थोडा वेळ मिळावा, जरा तरी अडावा, असं तिला वाटत होतं. बोट टेकलं आणि तो उघडला. पिंकीचा फोटो दिसला, तो दाबला.

तिने पिंकीला सगळं सांगितलं.

“वाचाय येत न्हाय त्याचं मला काय न्हाय, मावशी,” पिंकी म्हणाली. “मी जलमभर वाचून दिलं असतं. पण मी तुमाला इचारलं, आणि तुमी न्हाय म्हनलात. माझ्या तोंडाकडं बघून म्हनलात.”

“चुकलं गं माझं.”

“ठेवते,” पिंकी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

घरी सृष्टी आधीच आली होती. भीमा कामावरून येऊन हातपाय धूत होता. बजाबाईने दोघांसमोर सगळं सांगितलं, काही राखलं नाही. सृष्टी आधी हसली, आई चेष्टा करतेय असं वाटून. मग तिने बापाकडे बघितलं आणि त्याने मान खाली घातली.

“म्हणजे बाबांना माहीत होतं.”

भीमा ओले हात पुसत राहिला.

“मी पुण्याला होस्टेलला होते तेव्हा तुला मेसेज करायचे,” सृष्टी हळूहळू म्हणाली. जणू एकेक गोष्ट तिला आत्ता आठवत होती. “तू सगळ्याला अंगठा पाठवायचीस. वर केलेला अंगठा. मला वाटायचं, आईला टाइप करायचा कंटाळा आहे.”

“बाबा रात्रपाळीला असले की मला कुनी वाचून देत नव्हतं. मग मी तेवढंच पाठवायची. बरं हाय, म्हनून.”

“मी तुला एक मोठा मेसेज पाठवला होता, आई. पहिल्या वर्षी. मला इथं राहवत नाही, मला घरी यायचंय, उद्या येऊ का, असं लिहिलं होतं. फोनवर बोलताना रडायला आलं असतं म्हणून लिहिलं. त्यालाही तू अंगठाच पाठवलास. आणि मी वाट बघत बसले, की कुणीतरी फोन करेल. मग मला वाटलं, आई म्हणतेय, गप राहा तिथंच.”

बजाबाईने तोंडावर पदर घेतला. दवाखान्यात इतकं झालं होतं, पण याच्यापुढे ते काहीच नव्हतं. लेक आपल्याला हाक मारत होती आणि आपण तिला ‘बरं हाय’ सांगून भाकऱ्या थापायला बसलो होतो.

सृष्टी तिच्यापासून लांब, खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. भीमाने स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच चहा टाकला. तो चहा तिघांपैकी कुणीच प्यायलं नाही.

बऱ्याच वेळाने बजाबाई म्हणाली, “तो निरोप हाय का अजून?”

“असेल माझ्याकडे.”

“मला वाचून दाखव.”

“आता कशाला, आई?”

“मला काय लिवलंतीस ते ऐकायचंय.”

सृष्टीला शोधायला वेळ लागला. मग तिने उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. निरोप मोठा होता. मधे एका ठिकाणी ती थांबली आणि परत त्याच ओळीपासून वाचायला लागली. बजाबाई शेवटपर्यंत ऐकत राहिली. संपल्यावर तिने विचारलं, “मग ऱ्हायलीस कशी तितं?”

“राहिले,” सृष्टी म्हणाली.  मग ताटं तिने घेतली, आणि आईचंही घेतलं.

दुसऱ्या दिवशी बजाबाई तळघरात गेली. तिथला प्रमुख युवराज नावाचा माणूस होता. भिंतीला कपड्यांच्या पिशव्या लावलेल्या, प्रत्येकीवर कागद चिकटवून काहीतरी लिहिलेलं. सगळी वाट बजाबाईने एकच वाक्य मनात घोळवलं होतं. तरी तोंडातून निघताना ते अडखळलंच.

“युवराजभाऊ, मला वाचाय येत न्हाय. कुटली पिशवी कुटं, ते तेवढं तोंडानं सांगा.”

“बरं,” युवराज म्हणाला. मशिनमधनं चादरी ओढता ओढताच त्याने सांगितलं. ही ऑपरेशनची, ही जनरलची, ही लहान मुलांची. त्याने वरसुद्धा बघितलं नाही. बजाबाईचे कान मात्र दुपारपर्यंत गरम होते.

हे वाक्य तिला पुढेही म्हणावं लागलं. एसटी स्टँडवर, रेशनच्या दुकानात, एकदा बँकेत. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, या वेळी सोपं जाईल. सोपं जात नसे. सृष्टी आता तिला लिहीत नाही, फोन करते. कधी थोडं बोलते, कधी कामापुरतंच. रविवारी ती आईला पाटी घेऊन बसवते, पण बजाबाईची बोटं अजून काना आणि मात्रा यांची गल्लत करतात, आणि लेक चूक दाखवते तेव्हा ती पोरीसारखी खाली बघते.

पिंकी परत कामाला लागली होती. वापरलेल्या चादरी खाली आणायचं काम तिच्याकडेच असायचं. ती यायची, गाठोडं दारात टाकायची आणि जायची. बजाबाई तिचं पाऊल ओळखायची आणि मशिनकडे तोंड करून उभी राहायची.

सर्जनची पुढची फेरी होऊन गेल्यावर एका सकाळी पावलं दारात थांबली.

“चौदा नंबरच्या आजोबांचं आपरेशन झालं,” पिंकी म्हणाली. “बरे हायत. उद्या सोडनार.”

बजाबाई वळली. तिने साबणाचे हात घाईने पदराला पुसले. तोवर पिंकी अर्धा जिना चढून गेली होती.